शिकवणीचे पैसे मागायला दाभोळला

तुम्ही मंडळी मोठाल्या मोटारसायकलींवरून पार लडाखपर्यंत जाता, त्याचे लेख मी फोनवर वाचतो. माझा प्रवास एसटीचा आणि दोन फेरीबोटींचा, पण त्याचंही कारण मोटारसायकलच आहे. शाळा सातवीपर्यंतच झाली, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

माझा मुलगा महेश मस्कतला असतो. चार वर्षांपूर्वी जाताना त्याची गाडी पडवीत लावून गेला. मी दर रविवारी ती पुसतो, चालू करतो, थोडी घरघरू देतो आणि बंद करतो. बायको होती तेव्हा म्हणायची, आवाज ऐकला की महेश दारात आल्यासारखा वाटतो. ती गेली आणि मी मनात धरलं, ही गाडी शिकायची. महेश रजेवर येईल तेव्हा रत्नागिरी स्टेशनवर आपणच न्यायला जायचं. वय अडुसष्ट. वाडीतले लोक हसले. हसू देत.

शिकवायला इस्माईलभाई मिळाले. माणूस दाभोळचा, बरीच वर्षं कुवेतला ड्रायव्हर होता. रत्नागिरीत बहिणीकडे राहून लोकांना दुचाकी शिकवायचा. पाच हजार ठरले, रस्त्यावर एकट्याला चालवता येईपर्यंत. मी सगळे आधीच दिले, कारण कुणाचं देणं असलं की मला झोप लागत नाही. पण पावसाळा संपला तरी आम्ही आपले सड्यावर, गावामागच्या मोकळ्या कातळावर, गोल गोल. समोर डांबरी रस्ता दिसायचा. "उद्या नेऊ, नाना." उद्या क्लच घट्ट, परवा टायरात हवा कमी. मग एक दिवस इस्माईलभाई गावी गेले आणि फोन उचलेनासे झाले.

मी शुक्रवार मुद्दाम निवडला. जुम्म्याच्या नमाजाला माणूस गावात असणारच.

रत्नागिरीहून जयगडची एसटी घ्या. आरे-वारेवरून जाणारी मिळाली तर डावीकडची खिडकी धरा, समुद्र बराच वेळ सोबत येतो. पासष्टच्या वर असाल तर अर्धं तिकीट, आधार कार्ड हातात ठेवा. मी ते काढलं, आत ठेवलं, हरवलं वाटून पुन्हा काढलं. गाडी जयगडचीच ना, हे तिसऱ्यांदा विचारल्यावर कंडक्टर म्हणाला, "आजोबा, मी बी जयगडलाच उतरतोय. मी उतरलो की तुमी उतरा."

मालगुंडला एक बाई सुक्या मासळीची पिशवी घेऊन शेजारी बसली. "खंय चाललाव?"

"दाभोळला. भांडायला."

"एवढ्या लांब? वाडीत कोण गावला नाय?"

सगळी गाडी हसली. मलाही हसू आलं. मला भांडता येत नाही. घरून वाक्यं पाठ करून निघालो होतो, ती खाडी येईपर्यंत विसरलो.

जयगडहून फेरीबोटीनं पलीकडे तवसाळला जायचं. माणसाचं तिकीट चहा-वड्याहून स्वस्त पडतं, गाडीचं वेगळं. बोटीवर एक तरुण मुलगा मोटारसायकल घेऊन चढला. मागे त्याचा बाप, मुलाचा शर्ट दोन्ही मुठींत धरून. बोट सुटली, गाडी स्टँडवर लागली, तरी म्हाताऱ्यानं शर्ट सोडला नव्हता. मुलगा म्हणाला, "अप्पा, सोडा आता, बोट मी चालवत नाय." मी पाण्याकडे बघत उभा राहिलो.

तवसाळला एसटी कमी आहेत, वेळ आधी विचारून ठेवा. मी नाही विचारली, म्हणून शेअर रिक्षानं गुहागर गाठलं आणि जास्त पैसे मोजले. गुहागरला मात्र जेवा. उकड्या तांदळाचा भात, बांगड्याची आमटी, सोलकढी. तिथून धोपावे, आणि धोपाव्याहून दुसरी फेरीबोट, दाभोळची. चढण्याआधी मी बाटली पाण्यानं भरून घेतली. आमच्याकडे रीत आहे, ज्याच्याशी वाद त्याच्या घरचं पाणी घ्यायचं नाही. पाणी घेतलं की तोंड बांधलं गेलं.

इस्माईलभाईंचं घर बंदराच्या वरच्या अंगाला. मला दारात बघून त्यांचा चेहरा उतरला. त्यांच्या बायकोनं, मी त्यांना भाभी म्हणतो, पाणी, चहा आणि तांदळाच्या गोड सांदणांची बशी पुढे ठेवली.

"आधी बोलणं," मी म्हणालो.

"पाण्यानं काय बिघडतंय? उनातनं आलाव."

"तेच बिघडतंय, भाभी. पाणी घेतलं तर भांडणार कसा?"

"मग लवकर भांडा. चहा निवतोय."

मी एकदाचं बोललो. "डांबरावर न्यायचं ठरलं होतं. नेलं नाहीत. पैसे परत द्या."

इस्माईलभाई खाली बघत म्हणाले, "देतो. पण मी दोघांचे घेतलेत, नाना. महेशनं पण पाठवलेत."

"कशाचे?"

"तुम्हाला न शिकवण्याचे. वाडीतल्या कुणाकडून तरी त्याला कळलं, माझा नंबर मिळवून त्याचा फोन आला होता. म्हणाला, चाचा, बाबांना सड्यावरच फिरवा, रस्त्यावर नेऊ नका. मी नाही म्हणायला हवं होतं. तुमचा फोन कुठल्या तोंडानं उचलू?"

मला राग आला. आणि खोटं कशाला सांगू, रागाच्या खाली बरंही वाटलं. 'जेवलात का' यापलीकडे न बोलणारा पोरगा तिकडे बसून माझ्यासाठी पैसे मोजत होता.

शुक्रवारची त्यालाही सुट्टी. तिथूनच फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा धरला.

"बाबा, दाभोळला? कसे गेलात?"

"एसटीनं. रस्ता तू बंद करून ठेवलायस ना."

तो म्हणाला, "तुम्ही पडलात तर? आई असती तर गोष्ट वेगळी. आता उचलायला घरात कोण आहे? मी आल्यावर शिकवतो ना."

"कधी येतोस?"

दर वेळी तो 'बघू' म्हणतो. या वेळी म्हणाला नाही. "यंदा नाही जमणार, बाबा. पुढच्या वर्षीचंही नक्की नाही."

इस्माईलभाईंनी माझ्या हातातून फोन घेतला. "महेश, मी कुवेतला असताना अब्बांना होडी विकायला लावली. बुडतील म्हणून. ते बुडाले नाहीत. रोज बंदरावर जाऊन दुसऱ्यांच्या होड्या बघत बसायचे. तुझे पैसे मी परत पाठवतो. नानांचे ठेवतो, आणि त्यांना डांबरावर नेतो."

तिकडून महेशचा बारीक आवाज. "बाबा हेल्मेट कुठलं घालतात?"

"तुझंच," मी म्हणालो. "ढिलं होतं. आत टॉवेल घालतो."

"टॉवेल कशाला? हनुवटीखाली पट्टा आहे, त्याचं टोक खाली ओढा. आवळेल."

मला हे ठाऊकच नव्हतं. फोन ठेवला आणि मी तांब्याभर पाणी प्यालो. भाभी म्हणाल्या, "झालं भांडण? मोठं बोलत होतात." रात्री तिथेच राहिलो. सकाळी पहिल्या बोटीनं परत, त्याच वाटेनं.

ज्यांना हा प्रवास करायचाय त्यांनी खुशाल करावा. एका मुक्कामात होतो, खिसा रिकामा होत नाही, खाडीवरचा वारा फुकट मिळतो. मी पैसे आणायला गेलो होतो, ते आणले नाहीत.

इस्माईलभाई पुढच्याच आठवड्यात रत्नागिरीला आले. आता सकाळी रहदारी नसताना आम्ही डांबरावर जातो. सुरुवातीला ते माझ्या मागे बसायचे. आता ते दुसऱ्या गाडीवरून पाठोपाठ येतात, ओरडत, "गिअर खाली टाका, नाना!" पट्टा आवळलेला असतो. सरळ रस्त्यावर काही वाटत नाही. वळणावर मात्र गाडी फार हलकी लागते, आणि तेव्हा कळतं की मागच्या सीटवर कुणी नाही.