वाटीवरची रेघ

वाढपी मामांनी कधी कुणाला ‘वाढू का?’ असं विचारलं नाही. ते सरळ वाढायचे. पानावर आडवा हात धरला, तर त्या हाताखालून गरम भात सरकवायचे आणि वर म्हणायचे, “हात काढा पावणं, भाजंल.” डिंगोऱ्यातल्या लग्नांत पंगतीवर त्यांचंच राज्य असायचं, म्हणून गावाने त्यांना हे नाव दिलं. मला ते सासरे. आमच्यात सासऱ्याला मामा म्हणतात आणि मामांना उलट बोलत नाहीत. माझी सगळी गोची तिथेच होती.

नव्वद सालानंतरची ही गोष्ट. माझ्याकडे एक जुनी डिझेल जीप होती आणि मी तळेघर ते घोडेगाव सीटा भरून वडाप करायचो. एसटी आली तर आली, त्यामुळे आजारी माणसापासून तांदळाच्या पोत्यापर्यंत सगळं माझ्याच जीपमधून उतरायचं. घर तिच्यावर चालायचं. इंजिन गेलं तर दुसरं बसवायची माझी ऐपत नव्हती. मामांना हे माहीत होतं, म्हणून ते तिची फार काळजी घ्यायचे, आणि तीच माझी डोकेदुखी होती.

मामांच्या विहिरीवर पाणी उपसायचं डिझेल इंजिन होतं. ते त्यांनी उभा जन्म चालवलं, त्यामुळे इंजिन म्हणजे आपलाच प्रांत अशी त्यांची समजूत. मी सासुरवाडीला गेलो की माझा चहा संपायच्या आत जीपचं बॉनेट उघडलेलं असायचं. हवेचा फिल्टर जुन्या पद्धतीचा. हवा आधी तेलाच्या वाटीवरून जायची आणि धूळ त्या तेलात बसायची. वाटीच्या आत एक रेघ असते. तेल तिथवरच घालायचं. मामांचा हात तिथे कसला थांबतोय? “रेघ कंपनीवाल्यानं वढली,” ते म्हणायचे. “त्याला तळेघरचा फुफाटा म्हाईत हाय का?”

“मामा, जास्त झालं.”

“तेल कमी पडून मेलेली इंजिनं लई पायली. जास्त हून मेलेलं एक बी न्हाई.”

मग गावाबाहेरच्या वळणावर जीप उभी करून मी जादाचं तेल गुपचूप डब्यात काढून घ्यायचो. चार वर्षं केली ही चोरी, दर खेपेला मनातल्या मनात चरफडत.

एकदा मी जेवत असताना त्यांनी वाटी काठोकाठ भरली आणि मला पत्ताच लागू दिला नाही. बायको गाठोडी घेऊन मागे बसली. अंगण चढाचं, जीपचं नाक वर. मी इंजिन चालू केलं आणि ते वाटीतलंच तेल खेचून जाळायला लागलं. पाय काढला तरी आवाज चढतच गेला. इंजिन बंद करायची दांडी ओढली, तर ती वायरसकट माझ्या हातात आली. निळ्या धुराने अंगण भरलं. आता हे फुटणार आणि आपण रस्त्यावर येणार, एवढंच डोक्यात. तेवढ्यात मामा घरातून धावत आले. हातात मी जेवायला बसलो होतो तोच पाट. त्यांनी फिल्टरची रबरी नळी हिसकून काढली आणि इंजिनच्या तोंडावर पाट दाबून धरला. दोन आचके देऊन इंजिन थांबलं.

“हवा तोडली की गप बसतंय,” मामा शांतपणे म्हणाले. मग वाटीत डोकावले. “थोडं जास्त झालं वाटतं.”

थोडं म्हणे. माझा नुसता जळफळाट. बोलणार तरी कुणाला? ज्याने भरलं त्यानेच वाचवलं होतं.

मी तडक घोडेगावच्या मिस्त्रीकडे गेलो आणि म्हटलं, हे सगळं काढ आणि कागदाचा फिल्टर बसव.

“चांगली वस्तू काढताय भाऊ,” मिस्त्री म्हणाला. “फुफाट्याला तेलाचाच बरा. रेघेपत्तुर तेल घाला की.”

“रेघ मला दिसते. मामांना दिसत नाही.”

कागदी फिल्टरचा नवा डबा जुन्या जागेवर बसेना. पत्र्याला नवी भोकं पाडावी लागली, नळी तोकडी पडली, क्लिप बसता बसेना. दिवसभर तो माझ्यावर करवादत होता आणि मी त्याच्यावर. संध्याकाळी एकदाचं काम झालं. मनात म्हटलं, घाला मामा आता तेल.

पुढच्या खेपेला मामा तेलाचा डबा घेऊन बॉनेटपाशी उभे. “वाटी कुठं हाय?”

“काढली. आता कागद आहे.”

“मंग ह्यात काय घालायचं?”

“काहीच नाही घालायचं, मामा.”

“कायच न्हाई,” ते म्हणाले आणि डब्याचं झाकण लावत राहिले. जुना फिल्टर जीपमध्ये मागे पडला होता, तो त्यांनी मागून घेतला. मग आम्ही जेवायला बसलो. मामा भाताचं पातेलं घेऊन आले, माझ्या पानासमोर थांबले आणि म्हणाले, “वाढू का?”

मी सवयीने पानावर आडवा हात धरला आणि ते पुढे सरकले. वाटेत बायकोने बापाच्या काळजीने विचारलं, “दादांना काय बोललात तुम्ही?” मी म्हटलं, काही नाही. ते खरंही होतं.

त्यानंतर मामांनी बॉनेटला हात लावला नाही. इकडे कागदाने माझा जीव खाल्ला. आठवड्याला लाल मातीने चोंदायचा, घाटात जीप काळा धूर ओकायची, पावसाळ्यात तो दमट व्हायचा. ‘मामा, तुमची वाटीच बरी होती’ हे वाक्य किती वेळा ओठावर आलं आणि मी गिळलं. निव्वळ ताठा, दुसरं काय.

मामा गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी मी विहिरीवरच्या इंजिनघरात गेलो. फळीवर तो जुना फिल्टर होता. वाटीवर ताटली झाकलेली. उचलून पाहिलं, तर आत स्वच्छ तेल, बरोबर रेघेवर. ना थेंब वर, ना थेंब खाली.

“ह्ये दर म्हैन्याला बदलायचं त्यातलं त्याल,” मागून सासूबाई म्हणाल्या. “म्हनायचं, पावण्यांचा कागद कवा दगा दील नेम न्हाई. तयार असू दे.”

जीप बाहेरच उभी होती आणि पत्र्यातली वाटीची जुनी भोकं अजून तशीच होती. तिथेच बसून मी तो कागद काढला आणि मामांची वाटी, त्यातल्या तेलासकट, परत जागेवर बसवली. बसवताना राग येत होता. रेघ पाळता येत होती, तर एकदा तरी सांगायचं ना, मामा. मी पानावरचा हात काढला असता.