तीन खुर्च्या, एक मांडी आणि विजापूरचा रस्ता

सोलापूरहून विजापूर म्हणजे दोन-अडीच तासांचा सरळ रस्ता. तिथं जायचं ठरवण्यात मात्र आमची अख्खी दिवाळी गेली. रस्त्याचा यात काही दोष नव्हता. प्रश्न होता आमच्या गाडीच्या मागच्या सीटचा.

आमची गाडी साधी, पाच जणांची. घरात माणसं सहा. मी, नवरा महेश, सात वर्षांची सई, तीन वर्षांचा ओम, आठ महिन्यांची चिकू आणि माझ्या सासूबाई. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे मी त्यांना आत्या म्हणते. पाचाच्या गाडीत सहा जण म्हणजे सोलापुरात कुणाच्या भुवयाही उंचावत नाहीत, उलट आणखी दोघांना घ्या की म्हणतात. पण तिन्ही मुलं आपापल्या सीटमध्ये बांधल्याशिवाय मी गाडीची किल्ली फिरवत नाही. मी फिजिओथेरपिस्ट आहे. अपघातानंतर पुन्हा पाऊल टाकायला शिकणारी मुलं माझ्याकडे येतात आणि त्यातल्या काहींना त्या वेळी कुणीतरी मोठ्या मायेनं मांडीवर घेतलेलं असतं. हे एकदा पाहिलं की माणूस गाडीत स्वस्थ बसू शकत नाही. मी तर घरातही बसत नाही, असं महेशचं म्हणणं आहे.

मागं तीन मुलं, तीन सीट. पुढं दोन मोठी माणसं. तिसऱ्या मोठ्या माणसाला जागाच नाही. आणि जायचं होतं ते मुळात आत्यांसाठी. त्यांची धाकटी बहीण, शांतामावशी, विजापूरच्या अलीकडं एका खेड्यात राहते. खुब्याचं हाड मोडल्यापासून तिचं येणं बंद झालंय. दोघी रोज फोनवर बोलतात आणि रोज फोन ठेवताना रडतात.

"चिकूची सीट काढू," महेश म्हणाला. "आई मागं बसेल, तिला मांडीवर घेईल. दोन तासांचा तर प्रश्न आहे."

"नाही," मी म्हणाले.

"आमी तीन लेकरं मांडीवरच वाढवली की," आत्या म्हणाल्या. "एक तरी पडलं का?"

मी गप्प बसले. माझं गप्प बसणं त्यांना बोलण्यापेक्षा जास्त लागतं, हे मला माहीत आहे. थोड्या वेळानं स्वयंपाकघरातून आवाज आला, "तुमी जावा. मी बगते घराकडं. शांताला फोनवर बोलते की." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण सीट काढायला मी तयार झाले नाही. शेवटी महेशनंच मार्ग काढला. तो बसनं येणार, गाडी मी चालवणार, पुढं शेजारी आत्या. मी हायवेवर एकटीनं कधी गाडी नेली नव्हती. 

ज्यांना तीन सीट बसवायच्या आहेत त्यांच्यासाठी आता कामाचं सांगते. सीट विकत घेण्याआधी गाडी घेऊन दुकानात जा. आम्ही तसं न करता मोठ्या उत्साहात सीट आणल्या आणि तिन्ही ठेवल्यावर दार लागेना. मग सात रस्ता चौकाजवळ गाडीच्या सामानाच्या एका दुकानात विचारायला गेले, तर मालक म्हणाले, "मॅडम, ह्याच्यापेक्षा लेदरचे कव्हर घाला की, गाडी झकास दिसल." मी तशीच परत आले. मग दोन रविवार गल्लीत गाडीची चारही दारं उघडी टाकून माझं काढ-घाल चाललं होतं. शुक्रवार पेठेतल्या आमच्या गल्लीत गुपचूप काही करता येत नाही. शेजारचे काका येऊन बघून गेले. "तीन खुर्च्या? गाडीत सलून काढताय काय?"

जमलं ते असं. चिकूची सीट मध्ये, तिचं तोंड मागच्या काचेकडं. एवढ्या लहान बाळाला उलटंच बसवायचं असतं, आणि मध्ये ठेवल्यानं पुढच्या सीट फार पुढं घ्याव्या लागल्या नाहीत. आमच्या गाडीत मधल्या जागेलाही खांद्यावरून येणारा पट्टा आहे. तुमच्या गाडीत नुसता कमरेचा असेल तर आधी सीटची पुस्तिका वाचा. ड्रायव्हरच्या मागं ओमची सीट, ती गाडीतल्या लोखंडी कड्यांना अडकते. डावीकडं सईची उंच बैठक, कारण तिला एकटीला उतरता येतं आणि ती रस्त्याच्या कडेलाच उतरावी. मधली सीट सगळ्यात आधी घट्ट करायची. पट्टा जिथून जातो तिथं धरून हलवायची. बोटाच्या रुंदीपेक्षा जास्त हलली तर पुन्हा पहिल्यापासून. सईची बैठक जराशी दाराकडं सरकवली तेव्हा कुठं तिच्या पट्ट्याचं कुलूप हाताला लागलं, त्या दिवशी मी गल्लीत अक्षरशः उडी मारली.

निघायच्या दिवशी सकाळी सवयीनं मधली सीट हलवून पाहिली आणि ती डुगडुगली. रात्री तर पक्की होती! खाली हात घातला तर घडी केलेली चादर. आपली सोलापुरी, जाडजूड, लाल-पिवळी. आमच्या घरात चादर कशाच्या खाली नाही ते विचारा. टीव्हीखाली आहे, शिलाई मशीनखाली आहे, पाहुण्याच्या खाली तर असतेच.

"गार लागतंय लेकराला खालनं," आत्या म्हणाल्या. "आन गाडीची शीट बी खराब होती. म्हनून महेशकडनं घालून घेतली."

महेशनं नजर चुकवली. मी चादर काढली. आत्यांनी चिकूला दुपट्यात गुंडाळून आणलं होतं, तेही सोडलं, कारण जाड कपड्यावरून पट्टे आवळले की ते घट्ट वाटतात आणि खरं तर सैल असतात. बाळाला आधी बांधायचं, मग वरून पांघरूण. हे मी जरा तोडूनच सांगितलं. आत्या पुढं बसल्या, पट्टा लावून घेतला आणि शांतामावशीसाठी केलेल्या, शेंगदाणे आणि गुळाच्या शेंगापोळ्यांचा स्टीलचा डबा मांडीवर घेतला. डिकीत बाबागाडी होती, डब्याला जागा नव्हती.

"डबा मांडीवर चालतोय," त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "लेकरू न्हाय चालत."

महेश रिक्षानं स्टँडवर गेला. आमची गाडी तिथून गेली तेव्हा तो बसच्या खिडकीतून इतका खुशीत हात हलवत होता की मला त्याचा रागच आला.

विजापूर रोड आता चारपदरी आणि चांगला आहे. टोल लागतात, फास्टॅग भरून ठेवा. दोन्ही बाजूला हिरवी ज्वारी उभी होती, ऊन कोवळं होतं, आणि यातलं मी फारसं काही पाहिलं नाही. मी आरसे पाहत होते. मंद्रूप यायच्या आत चिकूनं भोकाड पसरलं. आत्या मान वळवून तिच्याशी बोलत होत्या, टाळ्या वाजवत होत्या, मध्येच कानडीत काहीतरी गुणगुणत होत्या. चिकू थांबेना.

"घेते की गं तिला जरा. गप बसंल दोन मिंटात."

"गाडी थांबवून घेऊ, आत्या."

थांबले. धाब्यावर चहा घेतला, चिकूला पाजलं, आत्यांनी तिला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारल्या. बाळ बरोबर असेल तर तासाभरानं थांबायचंच, वेळेचा हिशोब तसाच करा. पुन्हा बांधलं, पुन्हा रडणं. भीमेचा पूल आला तेव्हा सई ओरडली, "आज्जी, पाणी बघ!" पण आज्जी मागं बघत होती. आत्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "कसली कठोर गं तू," त्या हळूच म्हणाल्या. मला वाटलं गाडी बाजूला घ्यावी आणि आपणही रडावं. पण मी गाडी चालवत राहिले.

पूल ओलांडून कर्नाटकात शिरलो आणि थोड्या वेळानं पुढच्या ट्रकचे लाल दिवे लागले. रस्त्यावर मेंढ्या होत्या, मोठा कळप, दुभाजकाच्या फटीतून पलीकडं निघालेला. मी अंतर ठेवलं होतं, तरी ब्रेकवर उभीच राहिले. गाडी किंचाळत थांबली. ट्रक आणि आमच्यात माणूस जाईल एवढी जागा उरली होती.

मी मागं वळले. तिघंही जागच्या जागी होती. सईचं तोंड उघडं. ओमला ही मोठी गंमत वाटली, तो "परत, परत" म्हणत होता. दोन सीटच्या मधून वाकून पाहिलं, तर चिकू दचकून रडायची थांबली होती आणि सीटच्या पाठीला टेकून टकामका बघत होती.

मग मी आत्यांकडं पाहिलं. त्यांना पट्ट्यानं धरून ठेवलं होतं. त्यांचे दोन्ही हात मांडीवर तसेच गोल होते आणि मध्ये काही नव्हतं. डबा समोर आदळून पायांशी पडला होता, झाकण निघालं होतं, शेंगापोळ्यांचे काही तुकडे त्यांच्या चपलांवर विखुरले होते.

मेंढ्या जात राहिल्या. मेंढपाळानं हात वर करून आमची माफी मागितल्यासारखं केलं.

"दोनी हातानं धरला हुता की गं मी," आत्या म्हणाल्या.

   मी त्यांचा हात धरला, तो गार पडला होता. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला, तेव्हा गाडी चालू केली.

शांतामावशीच्या घरी कानडीत "बर्री, बर्री", म्हणजे या, या, म्हणत सगळं घर दारात आलं. महेश विजापूरहून रिक्षानं आधीच येऊन पोचला होता आणि बसमध्ये मस्त झोप झाली म्हणून सांगत होता. दोघी बहिणी खाटेवर एकमेकींना धरून बसल्या, अर्धं मराठी, अर्धं कानडी. जेवायला कडक भाकरी, भरलेली वांगी, दही, शेंगाचटणी. असं जेवण हॉटेलात पैसे देऊन मिळत नाही. डबा उघडल्यावर मावशी म्हणाली, "ह्या सगळ्या मोडल्या की गं अक्का!"

"गूळ कमी पडला ह्या खेपेला," आत्या म्हणाल्या. "कोरड्या झाल्या."

ज्या बाईच्या शेंगापोळ्यांना पेठेत नाव आहे, ती बाई हे म्हणाली. मी भाकरीकडं बघत राहिले.

संध्याकाळी मावशीच्या मुलानं जीप काढली, रानातलं देऊळ दाखवायला. त्यांच्या घरातली सगळी पोरं मागं उभी राहिली. त्यानं चिकूसाठी हात पुढं केले. मी तोंड उघडणार एवढ्यात आत्या म्हणाल्या, "ती न्हाय यायची. तिची खुर्ची असली तरच येती."

"लई शानी झालीस," मावशी खाटेवरून हसली. "सून म्हनंल तसं चाललंय तुजं."

"व्हय. चाललंय," आत्या म्हणाल्या. मग आम्ही सगळेच आमच्या गाडीतून दोन फेऱ्यांत देवळात गेलो. मावशीला ते फारसं आवडलं नाही, हे जेवताना दिसलं. दोन वर्षांनी भेटलेल्या बहिणीशी आत्यांनी माझ्यासाठी एवढं वाकडं घेतलं, याचं मला बरंही वाटलं आणि वाईटही.

दुसऱ्या दिवशी आत्या बहिणीपाशी राहिल्या आणि आम्ही पाच जण विजापुरात गेलो. गोल घुमट सकाळी उघडल्या उघडल्या गाठा. गर्दी झाली की वरच्या सज्जात प्रत्येक जण आरोळ्या ठोकतो आणि कुजबुज ऐकायची मजा जाते. जिना अरुंद आणि चढा आहे, बाबागाडी खालीच ठेवावी लागते. सईनं भिंतीला तोंड लावून पलीकडं उभ्या महेशला "बाबा, भूक लागली" सांगितलं आणि ते त्याला पोचलं. मी चिकूला पोटाशी बांधून उभी होते. एवढ्या उंचावर मला खाली बघवेना. मुलं कठड्यापासून किती लांब आहेत हेच मी मोजत होते. इब्राहिम रोजा मात्र शांत आहे, हिरवळ आहे, तिथं मुलांना मोकळं सोडता येतं. मी तिथं पहिल्यांदा दहा मिनिटं टेकले.

दुपारी आत्यांना घेऊन परत निघालो. महेश पुन्हा बसनं. येताना चिकू झोपली होती, तरी आत्या मान वळवून तिच्याकडं बघतच होत्या. दुभाजकात फट दिसली की त्याच आधी म्हणायच्या, "हळू घे गं." दुसऱ्या दिवशी त्यांची मान आखडली. मी घरीच गरम पाण्याची पिशवी ठेवून शेकली, व्यायाम करून घेतले. त्या पालथ्या पडून होत्या, तोंड उशीत.

या प्रवासात मी काय कमावलं, असं कुणी विचारलं तर सांगेन, हायवेवर एकटीनं गाडी चालवली. ते खरंच आहे. पण मनात राहिले ते गोल केलेले रिकामे हात. माझंच म्हणणं खरं ठरलं होतं आणि त्यात मला जिंकल्यासारखं काहीच वाटत नव्हतं.

महेश मोबाइलवर सात जणांच्या गाड्यांचे फोटो बघत होता. मागं आणखी एक रांग, मधल्या रांगेत एवढी जागा, हप्ता एवढा, असं काहीबाही वाचून दाखवत होता. आत्यांनी उशीतून तोंड बाजूला केलं.

"त्यात चिकूच्या शेजारी माणूस बसतंय का रं?"

"बसेल की आई. का?"

"मांडीवर नको मला ती," आत्या म्हणाल्या. "न्हाय घेत मी. रडायला लागली की बोट धराया मिळावं, एवढीच जागा पायजे."

मी त्यांच्या मानेवरची पिशवी नीट केली. ती नीटच होती.