ओलं फडकं

अकपशेचा हात पाठीवर पडला की बुजरं शिंगरूसुद्धा मुकाट चालायला लागायचं. स्वतः मात्र जन्माचा बुजरा. वरुणाचं नाव निघालं की याचा घास हातातच राहायचा. मितन्नी देशात घोडे तयार करणारे पुष्कळ होते, पण असं देवभोळं ध्यान दुसरं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात त्याच्या हातची करडी घोडी सात फेऱ्या झाल्यावर कोसळली आणि मेली. घाम निथळतोय तोवर घोड्याला पाणी पाजायचं नाही, हा तिथला कडक नियम. यानंच पाजलं असणार, असं अश्वशाळेचा मालक बिरिदश्व म्हणाला. अकपशे नाही म्हणाला. साक्षीदार कोणी नाही, तेव्हा पंचांनी निवाडा नदीवर सोपवला. खाबूरमध्ये उडी घ्यायची. खऱ्याला वरुण वर काढतो, खोट्याला ठेवून घेतो. बुडाला किंवा भिऊन मागे फिरला, तर घोडीच्या बदल्यात त्याची पोरगी शुवरनी मालकाघरी दासी.

पाणी त्यानं पाजलं नव्हतंच. पण घोडीची सुकलेली जीभ बघवेना, म्हणून ओल्या फडक्यानं तिचे ओठ तेवढे पुसले होते. आता त्या फडक्यानं त्याची झोप उडवली. त्यानं ते फक्त बायकोला, अझुयाला सांगितलं.

"ओठ पुसले म्हणजे पाणी पाजलं होत नाही," ती वैतागून म्हणाली. "डोळे मिटा, उडी मारा आणि पोरीला घेऊन घरी चला."

"तुला पटतं गं. वरुणाला पटेल का?"

भर दुपारी सगळा गाव काठावर जमला. अकपशे गुडघाभर पाण्यात गेला, कमरेएवढ्या गेला. पुढचं पाणी काळं होतं. फडक्यातून किती थेंब गळले असतील, तेच तो मोजत राहिला. तो वळला आणि परत आला. काठावर हशा पिकला. बिरिदश्वानं शुवरनीचं मनगट धरलं, आणि बापानं तोंड फिरवलं. मेला भित्रा कुठला!

दोन वर्षांनी, जवाच्या कापणीला, पोरीला एक दिवस घरी सोडलं. तिथं काम काय करतेस, असं त्यानं भीतभीतच विचारलं.

"फडकी भिजवून देते. फेऱ्या झाल्या की मालक घोड्यांचे ओठ पुसतात."

"ओल्या फडक्यानं?"

"मग काय कोरड्यानं, बाबा? रोजच पुसतात."

अझुयानं चुलीवरून मान वर केली नाही. अकपशेनं हातातली भाकरी खाली ठेवली. ऊन उतरायच्या आत पोरीला परत पोचवायचं होतं.