काळ्या लोकरीचा स्वेटर

माझा थोरला भाऊ ट्रक चालवायचा. हिवाळ्यात अंबड भागातली मोसंबी भरून दिल्लीला जायचा आणि येताना मिळेल तो माल घेऊन परतायचा. ऐंशीच्या दशकाचा शेवट असेल. आमचं घर शहागडला, हायवेपासून हाकेच्या अंतरावर. दादाच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं आणि त्यातले निम्मे दिवस तो रस्त्यावरच. वहिनी जाफराबादकडची. बोलायला कमी, पण एखादी गोष्ट मनावर घेतली की घेतली.

थंडी पडायच्या आधी दादा म्हणाला, "जालन्यात नेपाळ्यांची स्वेटरची दुकानं लागलीत. एखादा घेऊन येतो."

"नका आणू," वहिनी म्हणाली. "मी विणते."

आमच्या वावरात दरवर्षी धनगरांची मेंढरं बसायची. रानाला खत मिळायचं, त्यांना ज्वारी. मेंढरं कातरून झाली की लोकर पोत्यांत भरून घोंगडी विणणाऱ्यांकडे जायची. वहिनीनं त्यांच्यातल्या एका मावशीशी गट्टी जमवली आणि थोडी काळी लोकर मागून घेतली. नायलॉनचा स्वेटर तिला मुळीच मंजूर नव्हता. "ढाब्यावर शेकोटीपाशी बसता तुम्ही. एक ठिणगी उडली की नायलॉन वितळून अंगाला चिकटतं. अन् मेंढरं आपल्याच वावरात बसून राह्यली, मंग लोकर बाहेरची कशाला?" आमच्या घरात आल्यापासून एवढं लांबलचक ती पहिल्यांदाच बोलली असावी.

खरं कारण मात्र तिनं मला सांगितलं. आम्ही दोघी अंगणात उन्हाला बसून लोकरीतली कुसळं वेचत होतो. "वन्सं, ते तिकडं काय खातेत, कुठं निजतेत, मला कायबी म्हाईत न्हाई. माझ्या हातचं एक तरी काही त्यांच्यासंग जावं." मान खाली घालून बोलली. मला तिचा इतका लळा का लागला, असं कुणी विचारलं तर मी हेच सांगते.

लोकर रिठ्याच्या पाण्यात दोनदा धुतली, तरी मेंढीचा वास जाईना. मावशीनं सूत काढून दिलं. वहिनी शाळेत विणकाम शिकली होती, पण मऊ लोकरीवर. या सुतावर तिच्या सुया अडायच्या, बोटं लाल व्हायची. आई येता-जाता म्हणायची, "पोरी, घोंगडं विणून राह्यली का काय?"

झाला एकदाचा. कोपऱ्यात ठेवला तर आपल्या पायावर उभा राहील असा! दादानं अंगात घातला, मान इकडे-तिकडे केली आणि म्हणाला, "हा अंगात घालायचा का इंजिनावर झाकायचा?" आई हसली. वहिनीही हसली, पण तिला ते लागलं होतं. माझं तर डोकंच फिरलं. इतक्या दिवसांची मेहनत, आणि याला चेष्टा सुचते! तरी त्यानं तो घडी करून पिशवीत टाकला, एवढं खरं.

घातला का, हे वहिनीनं त्याला कधीच विचारलं नाही. विचारायची ती मला. "घालत असतील का हो, वन्सं?" जणू मीच ट्रकमध्ये शेजारी बसून दिल्ली बघून आले होते. "घालतो की," मी ठोकून द्यायची.

पुढे एकदा दादा परत आला आणि वहिनीनं धुण्याला त्याची पिशवी उपसली. वरच एक निळा स्वेटर निघाला. दुकानातला, सशासारखा मऊ. कॉलर मळलेली, म्हणजे रोज अंगात असलेला. खाली तळाशी काळा. वहिनीनं निळा स्वेटर नीट धुऊन सावलीत वाळत घातला आणि काळा आपल्या ट्रंकेत ठेवून दिला. तिचा चेहरा मला बघवेना.

जेवताना मी मुद्दाम काढलं, "दादा, निळा स्वेटर झकास आहे हं."

"लई मऊ ए," तो भाकरी मोडत म्हणाला. "दिल्लीत घेतला."

वहिनी उठून आत गेली. याच्या मात्र गावीही नाही. चार शब्द सुनवावेत असं फार वाटलं; पण तो थोरला पडला, म्हणून मी भांडी आपटण्यावर भागवलं.

पुढच्या खेपेला सकाळी निघताना वहिनीनं निळा स्वेटर त्याच्या हातात दिला. दादानं तो घातला, भांग पाडला आणि इकडे-तिकडे बघायला लागला.

"वरचा कुठंय?"

"वरचा कंचा?" वहिनीनं विचारलं.

"अगं, माझा स्वेटर. हा तर आतला ए."

वहिनी जागची हलेना. आई आणि मी समोर, त्यामुळे दादा पुरता ओशाळला. "नुसता घातला की टोचतो गं. पहिल्या खेपेला मान सोलून निघाल्ती. पण तू विणलेला, तो काय पिशवीत ठेवायचा? मंग आतून घालायला हा घेतला. येताना इकडं उकडलं की वरचा तेवढा आधी काढतो."

वहिनी पदरानं डोळे पुसतच ट्रंकेकडे गेली. दादानं निळ्यावर काळा चढवला, तर हात खाली येईनात. तशी ती एकदम कडाडली, "दोन-दोन घालायचे व्हते तर आधी सांगायचं न्हाई व्हय? काखेत किती आवळून राह्यलाय! उसवून परत विणते."

"आता? माल भरून उभा ए."

"माप तर घेऊ द्या!"

आईसमोर नवऱ्याच्या जवळून जातानाही पदर सावरणारी माझी वहिनी, भर अंगणात त्याच्या पाठीवर वीत टाकून माप घेत होती. दादा हात पसरून, श्वास रोखून उभा होता. आईनं चुलीकडे तोंड फिरवलं. मी नाही फिरवलं. डोळे भरून बघत राहिले.