बाळकुमची जवानीची सुई

बाळकुमची ती घटना आठवली की आजही त्या संशोधक बाईंना उभं राहून सलाम ठोकावासा वाटतो. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती आणि मी ठाणे शहरात फौजदार होतो.

खबर आणली एका आगरी घरातल्या सुनेनं. "सायेब, आमचे बाबांना एक मानूस जवानीची सुई टोचतं. हात सुजलाय, तरी बाबा ऐकत नाय."

साध्या वेशात सापळा लावून सुईवाल्याला रंगेहाथ पकडला. पिशवीत पांढऱ्या भुकटीच्या इवल्या कुप्या होत्या. एकीत भुकटी पाण्यात कालवलेली होती. पंचनामा करून मुद्देमाल जप्त केला. इतर पोलीस ठाण्यांत चौकशी केली, तर मानपाड्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान प्रयोगशाळेतून अशाच कुप्या चोरीला गेल्याची तक्रार निघाली.

गडी पक्का होता. "मी फक्त पोचवतो साहेब. आत काय असतं, देवाला ठाऊक." मारझोडीवर माझा कधीच भरवसा नव्हता; मार खाणारा आपल्याला हवं तेच बोलतो. मी चहा मागवला. तेवढ्यात आमच्या हवालदारांनी ती कालवलेली कुपी उचलून खोकल्याच्या औषधासारखी खळाखळा हलवली.

"अहो, हलवू नका! खराब होतं ते! हळू फिरवायचं!" गडी ताडकन उभाच राहिला.

"आता देवाला विचारायला नको," मी म्हणालो. त्याने मान खाली घातली. तो त्याच प्रयोगशाळेतला मदतनीस होता.

कुप्या ओळखायला प्रयोगशाळेच्या संशोधक बाई आल्या. ते पेप्टाइड होतं, म्हणजे प्रथिनाचा कृत्रिमरीत्या जुळवलेला छोटा तुकडा. पेशींचं म्हातारपण त्याने लांबणीवर पडतं का, हे त्या उंदरांवर तपासत होत्या. सगळी मेहनत टेबलावर पडली होती, पण बाई म्हणाल्या, "कुप्यांचं नंतर बघू. आधी त्या आजोबांकडे चला."

सरकारी डॉक्टरांना घेऊन आम्ही बाळकुमला गेलो. डॉक्टरांनी हात तपासला आणि बजावलं, आणखी एक सुई घेतली तर जिवावर बेतेल. म्हाताऱ्याने सुईवाल्याकडून विकत घेतलेल्या उरलेल्या कुप्या दडवल्या होत्या आणि झडतीत त्या सापडेनात. खाटेवर त्याची बायको लुळी पडली होती.

"मना जवान नाय व्हायचं," तो म्हणाला. "हिचे आधी मी गेलो तं हिला उचलंल कोन? बाय, तू बनवतीस ना? मंग तूच टोच. खाडीकडची माझी जागा घे, तिथं तुझा कारखाना घाल."

बाईंची प्रयोगशाळा भाड्याच्या गाळ्यात होती. एका 'हो'वर जागा मिळत होती.

"बाबा, यानं माणसाचं आयुष्य वाढतं की नाही, मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. बोलताना त्यांचे डोळे भरून आले होते.

म्हातारा उठला. मग आत गेला, मासळीच्या बर्फात पुरलेल्या कुप्या काढल्या आणि त्यांच्या ओंजळीत ठेवल्या. "त्यो सुईवाला एकदापन बोलला नाय, 'मना ठाव नाय' म्हनून. तू बोललीस."

पुढच्या नोकरीत ज्याला सगळंच ठाऊक असायचं, त्याचा जबाब मी दोनदा घेत असे.