वाचता आलं की नेतो

डी.एड.च्या इंटर्नशिपला गेलेल्या कोणालाही विचारा, किस्से गोळा करावे लागत नाहीत. संध्याकाळी डोकमर्डीच्या कामगारवस्तीतल्या रूमवर पोचेपर्यंत एखादा सोबत आलेलाच असतो. आम्ही मित्र चहा पिताना ते एकमेकांना सांगतो आणि हसतो.

मी तसा उशिरा आलेला. आठवीत शाळा सुटली, यार्नच्या, म्हणजे सुताच्या कंपनीत लागलो, बाहेरून परीक्षा देत देत इथवर पोचलो. त्यामुळे दुसरीतली मुलं ‘सर’ म्हणाली की मी अजून मागे वळून बघतो!

*

पहिल्याच दिवशी सगळा वर्ग एका सुरात धडा वाचत होता. प्रत्येकाचं बोट ओळीवर. मी तर भारावलोच! तेवढ्यात पंख्याच्या वाऱ्याने एकाचं पान उलटलं. बोट नव्या पानावर, तोंडात जुनाच धडा, आणि गडी काही थांबेना!

मी वर्गाच्या बाईंकडे पाहिलं. त्या कोकणातल्या, पण नोकरीत इथेच केस पिकलेले.

“पाठ आहे हो त्यांचं,” त्या म्हणाल्या. “पुस्तक नुसतं बोट ठेवायला!”

*

मग मी चित्रांची कार्डं केली. चित्राखाली शब्द. कौलारू घराचं कार्ड दाखवलं तर पोरगा म्हणाला, “गाव.”

“अरे, नीट बघ. आपण राहतो ते काय?”

“ती खोली, सर. कौलं गावाला असतात.”

बाकीच्यांनी माना डोलावल्या. चूक माझीच निघाली!

*

खरं वाचायला लागलेली एकच, मनीषा. एकदा तिचे वडील नाईट शिफ्ट सुटल्यावर परस्पर वर्गावर आले. नंदुरबारकडचे. दारातूनच विचारलं, “बाई, हिला वाचता येतं का?”

“शिकतेय.”

“येऊ द्या. आलं की नेतो. आम्ही दोघं कंपनीत, लहान्याला सांभाळायला घरी कोण? मोठीला पण वाचता आलं तसंच नेलं. पोरीच्या जातीला तेवढं बस!”

मनीषा पुढच्या बाकावर बसून ऐकत होती.

*

तपासणीला साहेब आले. बाईंनी धडे पक्के पाठ असलेली मुलं आधीच पुढे बसवली होती. पण साहेब नेमके मागच्या बाकाशी गेले.

“वाच बाळा.”

मुलगा नम्रपणे उभा राहिला. “साहेब, आम्ही मागचे. पुढच्यांना विचारा!”

साहेब खूप हसले. पुढच्यांना विचारलं, ‘छान’ म्हणाले आणि गेले.

*

हजेरी घेताना बाईंनी किरणचं नाव घेतलं. अख्खा वर्ग ओरडला, “कंपनी बंद, बाई!”

आईबाप गावी गेले की पोरगंही जातं, हे सगळ्यांना ठाऊक. किरण नुकताच जोडाक्षरांवर आला होता.

मी विचारलं, “नाव कमी करायचं?”

“राहू दे. दुसरी कंपनी मिळाली की येईल. पुन्हा ‘अ’पासून.”

*

मधल्या सुट्टीत मी मनीषाला गोष्टीचं नवं पुस्तक दिलं. कधी न पाहिलेलं पान तिने एकटीने वाचून काढलं. मध्ये अडली, पण स्वतःच सुटली. मी धावत बाईंकडे!

“बाई, मनीषाला वाचता आलं!”

बाई डब्याचं झाकण लावत होत्या. “हळू बोल,” म्हणाल्या. “कोणाला सांगू नकोस.”

मनीषा माझ्या मागेच येऊन उभी होती.

*

त्याच आठवड्यात तिचे वडील पुन्हा आले. तिची वह्या-पुस्तकं भरून न्यायला रिकामी पिशवीच घेऊन. मनीषाच्या हातातलं गोष्टीचं पुस्तक त्यांनी उघडलं आणि तिच्यापुढे धरलं. “वाच.”

पान तेच निघालं. मनीषाने पहिल्या शब्दावर बोट ठेवलं. बराच वेळ ठेवलं.

“येत नाही,” ती म्हणाली.

त्यांनी तिच्या डोक्यात टपला मारला. ती हलली नाही. मग ते माझ्याकडे वळले. “सर, काय शिकवता तुम्ही?”

मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाई मध्ये आल्या.

“पोरगी मठ्ठ आहे हो! अजून वर्षभर तरी लागेल.”

मनीषाने जोरजोरात मान डोलावली.