गोधडीतलं भोक

"अगं, आधी ती गोधडी काढ!" सासूबाई आतनं ओरडल्या, पण बाळ कडेवर घेऊन मी दारातच थिजले. दगड घेतलेला जमाव आमच्याच गल्लीत शिरला होता आणि गोधडी बाहेर दोरीवर वाळत होती. त्या साली निवडणुकीत वाटलेले सगळ्या पक्षांचे झेंडे जोडून मी ती बाळासाठी शिवली होती, फुकटचं कापड म्हणून. त्यातला एक रंग ह्या जमावाला नको होता.

"वहिनी, हा कुणाचा झेंडा?" विचारणारा ओळखीचाच होता.

"झेंडा न्हाई भावजी, बाळाचं अंथरूण हाय. रोज मुततंय त्याच्यावर."

तो हसला. हसत हसतच त्यानं तेवढा तुकडा फाडून नेला.

त्यानंतर वर्षभर सभा झाल्या, मोर्चे झाले, संचारबंदी झाली. मला आता रडूबी येत न्हाई. बाळाचा पाय झोपेत त्या भोकात अडकतो, तो सोडवते आणि बघत बसते. ठिगळ लावायला सुई घेते, पण घरातली जुनी साडीबी कुठल्या ना कुठल्या झेंड्याच्या रंगाची हाय. पुढच्या खेपेला कोण येईल, काय माहीत. तुम्ही असता तर कुठल्या रंगाचं ठिगळ लावलं असतं?